मालमोटारीचे चाक हाती घेण्यापूर्वी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांना थोडे नवल वाटले असेल. मालमोटार, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ट्रक, चालविण्याचा परवाना हा विषय मोटारतळावर किंवा फार तर परिवहन कार्यालयाच्या ओसरीवर बोलावयाचा. सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यात त्याचे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, आज सकाळी आपल्या घरी जी भाजी, जे धान्य, जी औषधे आली, त्यांतील बरीचशी कोणीतरी रात्रभर जागून हाकीत आणलेल्या ट्रकमधून आलेली असतात. दुसरे उत्तर याहून जवळचे आहे. आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई, इमारतीचा रखवालदार, दुकानातील हमाल यांच्यापैकी कोणीतरी एखाद्या दिवशी संकोचाने विचारतो, "मुलगा हेवी शिकतो म्हणतो, पैसे भरू का?" छापील कागद वाचून त्याचा अर्थ सांगणारे माणूस त्या कुटुंबाच्या ओळखीत बहुधा आपणच असतो. आणि आपण काय सांगतो? "भरून टाका, शिकेल तरी," असे सांगतो. नाही तर, "ट्रक कशाला, दुसरे काहीतरी बघा," असे सांगतो. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. त्या मुलाला शिकाऊ परवाना मिळू शकतो की नाही हे अगोदर पाहावे, तो परवाना हाती घ्यावा, आणि मगच शाळेची पायरी चढावी, असे जे तिसरे उत्तर आहे ते मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मी राहतो तो नागपूरचा जरीपटका. मराठेशाहीच्या सोनेरी निशाणाचे नाव या वस्तीने धारण केले आहे. पण तिला आजचे गजबजलेले रूप दिले ते १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी. दुकानदारीबरोबरच मालवाहतुकीचा धंदाही उत्तर नागपूरच्या या भागात रुजला, आणि त्याला कारण भूगोल. आमच्या शेजारून कामठी रोड जातो. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा पूर्वीचा सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तो हाच. २०१० च्या नव्या क्रमवारीनंतर श्रीनगर ते कन्याकुमारी अशा ४४ क्रमांकाच्या मार्गात तो सामावला. पूर्व-पश्चिम जाणारा जुना सहा क्रमांकाचा मार्ग नागपुरातच त्याला छेदीत असे. त्यात आता ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची भर पडली आहे; त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि उरलेला मुंबईकडील मार्ग ५ जून २०२५ रोजी पुरा झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात इंदोऱ्यावरून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत नवा उड्डाणपूल झाला, पण त्याच्या वर आणि खाली वाहणारा ओघ तोच. मनसरकडील मँगनीज, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, काटोल-वरुडकडची संत्री, सगळे चाकांवर. अशा वस्तीतील अठरा-वीस वर्षांच्या मुलाला ट्रकची ओढ वाटली तर त्यात नवल ते काय!

या मुलांशी बोलताना पहिली अडचण येते ती शब्दांची. परमिट, लायसन आणि बिल्ला हे तीन शब्द आमच्याकडे इतके सरमिसळ वापरले जातात की ऐकणाऱ्याचा गोंधळ उडावा. परमिट हे वाहनाचे असते. अमुक ट्रकने अमुक प्रदेशात भाड्याने माल वाहावा, याची ती मालकाला मिळालेली अनुमती होय. लायसन, ज्याला मराठीत परवाना आणि सरकारी मराठीत अनुज्ञप्ती म्हणतात, ते माणसाचे असते. बिल्ला प्रवासी वाहनांच्या चालकाच्या छातीवर असतो. माल वाहणाऱ्याला त्याची जरूर नाही. हा घोटाळा अलीकडे वाढला आहे त्याला एक गमतीचे कारण आहे. अमेरिकेत ट्रक हाकणाऱ्या पंजाबी तरुणांच्या चित्रफिती आमच्याकडची मुले भक्तिभावाने पाहतात, आणि त्या देशात शिकाऊ परवान्यालाच परमिट म्हणतात! "आधी परमिट काढले, मग शाळेत गेलो," हे वाक्य ऐकून येथला मुलगा परमिटासाठी चौकशी करू लागतो, आणि त्याला भलत्याच खिडकीवर पाठविले जाते.

परंतु त्या वाक्यातील क्रम मात्र घेण्यासारखा आहे. अमेरिकेत अवजड वाहन शिकू पाहणाऱ्याने प्रथम लेखी परीक्षा देऊन व्यावसायिक शिकाऊ परमिट मिळवावयाचे असते. ते हाती आल्यावर निदान चौदा दिवस गेल्याशिवाय प्रत्यक्ष वाहन चालविण्याची अंतिम परीक्षा देता येत नाही. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तर नोंदलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेणेही तेथे सक्तीचे झाले आहे. तेथील पुष्कळ शिक्षक शहाणपणाचा सल्ला देतात की, परमिट अगोदर काढा. म्हणजे वैद्यकीय तपासणीत किंवा कागदपत्रांत काही अडले तर शाळेची भली मोठी फी बुडणार नाही. आपल्या देशातील नियम वेगळे आहेत. पण हा सल्ला येथे अधिकच लागू पडतो, असे माझे मत आहे. कारण आपल्याकडे शिकाऊ परवान्याच्या वाटेवर जे अडसर आहेत, ते तेथल्याहून थोडे निराळे आणि वेळखाऊ आहेत.

ते सांगण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे ट्रक चालविण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या शाळेत शिकविली गेलीच नाही. ती उस्तादाकडून क्लीनरला मिळाली. क्लीनर म्हणजे काचा पुसणारा, चाकाखाली दगड लावणारा, मागे जाताना गाडीच्या अंगावर थाप मारून इशारा देणारा पोरगा. वर्ष-दोन वर्षे त्याने उस्तादाची सेवा करावयाची, आणि मग एखाद्या मोकळ्या रात्री, रस्ता सुना असता, उस्तादाने "घे, बस," म्हणून चाक त्याच्या हाती द्यावयाचे. या पद्धतीत शिकलेले अनेक चालक उत्तम निघाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. गाडीचा आवाज ऐकून तिचे दुखणे ओळखणे, घाटात ब्रेकवर न विसंबता गिअरवर गाडी तोलणे, हे त्यांना जसे येते तसे तीस दिवसांच्या शिकवणीत येत नाही. परंतु ती विद्या मिळत होती त्या रात्री तो पोरगा कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हता. काही बरेवाईट झाले असते तर त्याच्यामागे ना परवाना होता, ना विम्याचा भरवसा.

कायदा काही काल-परवा जन्मलेला नाही. मोटार चालविण्यास परवाना हवा हे १९१४ च्या मोटार कायद्यापासून चालत आले आहे. १९३९ च्या कायद्याने वीस वर्षांखालील माणसाला व्यावसायिक वाहन चालविण्याची मनाई केली. त्याची जागा घेणारा १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि ती वीस वर्षांची अट त्यानेही जशीच्या तशी ठेवली. म्हणजे खाजगी मोटार अठराव्या वर्षी चालविता येते. पण भाड्याचा माल वाहणारी गाडी, मग ती लहान का असेना, विसाव्या वर्षाआधी चालविता येत नाही.

दुसरी अट हिच्याहून कमी लोकांना माहीत आहे, आणि खरा अडसर तीच ठरते. याच कायद्याचे सातवे कलम सांगते की, ज्याने हलक्या मोटार वाहनाचा पक्का परवाना निदान एक वर्ष बाळगलेला नाही, त्याला व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवानाही देऊ नये. ई-रिक्षाला यातून सूट मिळाली आहे, ती सोडून देऊ. येथे 'हलके मोटार वाहन' हे शब्द नीट ऐकावेत. आमच्याकडच्या बहुतेक मुलांजवळ परवाना असतो तो दुचाकीचा. तो पाच वर्षे जुना असला तरी या कामाला उपयोगी नाही; चारचाकीचाच हवा.

आमच्याच वस्तीतील एका तरुणाची हकीकत सांगितल्याने हा मुद्दा स्पष्ट होईल. मुलगा एकवीस वर्षांचा, मेहनती, दुचाकीचा परवाना तीन वर्षांपूर्वीच घेतलेला. एका शिकवणीच्या शाळेत त्याने हेवीची सगळी फी एकदम भरली. ती भरण्यासाठी आईने कानांतले गहाण ठेवले होते. "कागदांचे आम्ही बघतो," असे त्याला सांगण्यात आले. काही दिवस वर्गात बसविल्यावर कागद जेव्हा खरोखरच पाहिले गेले, तेव्हा हलक्या वाहनाचा परवाना नाही हे निघाले. फी परत मिळाली नाही. वर एका दलालाने त्याला मार्ग सुचविला की, दुसऱ्या राज्यातून जुन्या तारखेचा चारचाकीचा परवाना आणून देतो, वर्षाचा प्रश्नच मिटेल. तोवर तो पोरगा एका ट्रकवर क्लीनर म्हणून जाऊ लागला होता, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे रात्री अधूनमधून चाकही त्याच्या हाती येत होते.

अशाच एका रात्री जबलपूरच्या रस्त्यावर त्याच्या हातून गाडी उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला घासली. ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा हात मोडला, जीव वाचला. गाव जागे होऊन माणसे येईपर्यंत उस्ताद मागच्या फळीवरून उठून चाकामागे येऊन बसला होता, आणि गाडी आपणच चालवीत होतो असे त्याने सांगितले. हे करण्यात त्याचा हेतू पोराला वाचविण्याचा होता. पण त्यामुळे झाले काय? निष्कलंक परवाना असलेल्या एका वृद्ध चालकाच्या माथी अपघात लागला, मालकाला खोटी हकीकत सांगावी लागली, आणि त्या मुलाला कित्येक दिवस जेवण गोड लागले नाही. त्याची आई माझ्याकडे आली ती त्या दलालाच्या परवान्याविषयी विचारावयास. हे अपघाताचे प्रकरण बोलता बोलता निघाले.

आता जरा थांबून हे पाहू की, त्या रात्री त्याच्या खिशात रीतसर शिकाऊ परवाना असता तर काय फरक पडला असता. नियम असा आहे की, शिकाऊ परवानाधारकाने रस्त्यावर गाडी चालविताना त्याच्या शेजारी त्या प्रकारच्या वाहनाचा पक्का परवाना असलेला शिक्षक बसला पाहिजे, आणि तो अशा जागी बसला पाहिजे की प्रसंगी गाडी आवरता किंवा थांबविता यावी. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर हवे. याचा अर्थ कायद्याने उस्तादाला शेजारी बसून शिकविण्याची मनाई केलेली नाही. त्याने मागच्या फळीवर झोपण्याची केली आहे. तो शेजारी जागा असता तर ट्रॉली कदाचित वेळीच दिसली असती.

नुकसानभरपाईचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. प्रत्येक ट्रकचा तिऱ्हाइतासाठी विमा असावाच लागतो. परंतु चालकाजवळ योग्य परवाना नव्हता, असा आक्षेप विमा कंपनी घेऊ शकते. स्वर्णसिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या जानेवारीत या विषयाचा सविस्तर ऊहापोह केला. मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर आहे, आणि जखमी माणसाला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मोकळीक कंपनीला देता येते, असे त्या निकालाचे सार आहे. त्याच निकालात आपल्या विषयाशी अगदी निगडित असे एक विधान आहे: शिकाऊ परवाना हाही परवानाच होय, आणि तो जवळ असलेल्या माणसाला विनापरवाना म्हणता येत नाही. लोक ज्याला 'कच्चे लायसन' म्हणून हिणवतात, तो कागद शिकणाऱ्याला, मालकाला आणि रस्त्यावरच्या अनोळखी शेतकऱ्याला एकाच छत्राखाली घेतो. तो नसेल तर वसुलीचा बडगा मालकावर येतो, आणि लहान मालक म्हणजे बहुधा एकाच ट्रकचा धनी, ज्याचे हप्ते अजून फिटावयाचे असतात.

दंडाचे म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेला, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही दंडाची किंवा कैदेची शिक्षा सांगितली आहे. त्याच दुरुस्तीतील आणखी एक तरतूद मात्र प्रत्येक घरात सांगितली जावी. अठरा वर्षांखालचा मुलगा वाहन चालविताना गुन्ह्यात सापडला, तर पंचविसावे वर्ष पुरे होईपर्यंत त्याला शिकाऊ परवानादेखील मिळत नाही; पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. सोळाव्या वर्षी हौसेने हाकलेला काकांचा टेम्पो त्या मुलाच्या हातून धंद्याची उमेदीची वर्षे हिरावून नेतो. दंड भरून विसरता येतो, ही वर्षे परत येत नाहीत.

आता वैद्यकीय तपासणी. व्यावसायिक वाहनासाठी नोंदणीकृत वैद्याचे प्रमाणपत्र, ज्याला 'एक-अ' नमुना म्हणतात, सादर करावे लागते. पंचवीस मीटरांवरील गाडीचा क्रमांक दिवसाउजेडी वाचता येतो काय, रातांधळेपणा आहे काय, ऐकू नीट येते काय, अशा गोष्टी त्यात पाहिल्या जातात. पूर्वी रंगांधळेपणा आढळला की वाट बंद होत असे. २०२० च्या जूनमध्ये नियम बदलून सौम्य आणि मध्यम प्रमाणातील रंगांधळेपणा असणाऱ्यांना वाव देण्यात आला. हे प्रमाणपत्र पुष्कळ ठिकाणी माणसाकडे न पाहताच सही करून दिले जाते. यासारखा घातकी उपकार दुसरा नाही. रात्री समोरच्या दिव्यांनी ज्याचे डोळे दिपतात त्याला ते विसाव्या वर्षी चांगल्या डॉक्टरकडून कळणे बरे, की पस्तिसाव्या वर्षी महामार्गावर? नुसत्या २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मेली. म्हणून माझे सांगणे असे की, शाळेची फी भरण्यापूर्वी डोळ्यांची तपासणी खरीखुरी करून घ्यावी. तिला खर्च थोडा येतो.

एके काळी आणखी एक अट होती, ती आठवी उत्तीर्ण असण्याची. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. शिक्षणाची आवड असलेल्या काहींना हे रुचले नाही. मला ते योग्य वाटते. गाडी हाकण्याचे कसब आठवीच्या गुणपत्रिकेवर अवलंबून नाही. परंतु त्याचबरोबर ज्यांना अर्ज वाचता येत नाही असे उमेदवार वाढणार हे उघड आहे, आणि आता अर्ज भरावयाचे ते 'सारथी' या सरकारी संगणक-व्यवस्थेवर. नागपुरात परिवहन खात्याची शहर, ग्रामीण आणि पूर्व अशी तीन कार्यालये आहेत. अर्ज संगणकावर आला म्हणून त्यांच्या भोवतीचे दलाल काही नाहीसे झाले नाहीत. फक्त त्यांच्या टेबलावर आता संगणक आला. जेथे शिकलेल्या शेजाऱ्याची अर्धा तास मदत मिळते, तेथे या मंडळींचे काम उरत नाही.

मग शाळा अजिबात नको काय? तसे मुळीच नाही. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी मान्य शाळेचे प्रमाणपत्र लागतेच. उस्तादाने दिलेली शाबासकी तेथे चालत नाही. केंद्रीय नियमांनुसार व्यावसायिक वाहनाचे शिक्षण निदान तीस दिवसांचे आणि प्रत्यक्ष चाकामागचे निदान पंधरा तासांचे असावे लागते. अभ्यासक्रम वाचला तर चकित व्हाल: वाहनाची रचना आणि दुरुस्ती, वाहतुकीचे शिक्षण, आगीचा धोका, प्रथमोपचार, इतकेच नव्हे तर चालकाने लोकांशी कसे वागावे हेही त्यात आहे! शाळेने प्रशिक्षणार्थींची जी नोंदवही ठेवावयाची असते, तीत शिकाऊ परवान्याचा क्रमांक आणि त्याची मुदत लिहिण्याचा रकाना असतो. तो रकाना रिकामा ठेवून जी शाळा फी घेते, तिच्याविषयी निराळे काही सांगावयास नको. शाळेला परिवहन खात्याची मान्यता आहे काय, आणि शिकविण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायापाशी दुसरा क्लच व ब्रेक आहे काय, हेही पैसे देण्यापूर्वी जाऊन डोळ्यांनी पाहावे.

पंधरा तास तीस दिवसांत वाटले तर रोज अर्धा तास होतो. जरीपटक्यातून गाडी रिंग रोडवर नेऊन परत आणावयासच तेवढा वेळ जातो! हे शिक्षण अपुरे आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची जी नवी योजना आली तिच्यात अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत अडतीस तासांचे शिक्षण ठरविले आहे, आणि तेथे उत्तीर्ण होणाऱ्याला परिवहन कार्यालयात पुन्हा वाहनचाचणी द्यावी लागत नाही. जेथे अशी सोय जवळ असेल तेथे थोडी अधिक फी देऊनही तीच घ्यावी. पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेत चालकांच्या शिक्षणाचे काम चालते, तेही चौकशी करण्याजोगे आहे.

परवाना शाळेच्या आधी काढावा असे मी म्हणतो खरे, पण फार आधी काढूनही चालत नाही. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते, आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. शाळेचे वर्ग कधी सुरू होणार हे विचारून, त्याच्या आठ-पंधरा दिवस आधी परवाना हाती यावा, अशा बेताने अर्ज करावा. हौसेने काढून ठेवलेला आणि कपाटात मुदत संपलेला शिकाऊ परवाना मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे.

मग अठराव्या वर्षी ट्रकची इच्छा धरणाऱ्या मुलाने विसाव्या वर्षापर्यंत करावे काय? त्याने लगेच हलक्या वाहनाचा शिकाऊ आणि महिन्याभराने पक्का परवाना घ्यावा. एकोणिसावे वर्ष उलटता उलटता कायद्याने मागितलेले एक वर्ष भरते, आणि विसावे पुरे झाले की अवजड वाहनाच्या शिकाऊ परवान्याचे दार उघडते. याप्रमाणे त्याचा एक दिवसही वाया जात नाही. जो विसाव्या वर्षी जागा होतो त्याला मात्र एकविसाव्यापर्यंत वाट पाहावी लागते.

पण ही वाटही रिकामी काढण्याचे कारण नाही, आणि येथे मला पुन्हा त्या तरुणाकडे वळावे लागते. दलालाचा परवाना घेऊ नये, हे त्याच्या आईला पटविणे मुळीच जड गेले नाही. तिला तो व्यवहार मुळातच आवडला नव्हता. तिचा खरा प्रश्न होता, "मग एक वर्ष हा खाईल काय?" याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेवले होते. मालासह एकूण वजन ७,५०० किलोग्रॅमच्या आत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, त्यासाठी वेगळा शेरा लागत नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगन यांच्या खटल्यात दिला होता. त्यावर पुढे शंका निघाल्या, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायम केला. मुलाचे वय एकवीस, म्हणजे वयाची अट पुरी झालेली. चारचाकीचा पक्का परवाना मिळताच त्याने ज्या लहान मालगाडीला आमच्याकडे 'छोटा हत्ती' म्हणतात ती चालवावयास घेतली. पहाटे तीनला कळमना बाजारात जावयाचे, भाजीची पोती भरावयाची आणि उजाडण्यापूर्वी दुकानोदुकानी पोहोचवावयाची. भरलेल्या गाडीचा ब्रेक रिकाम्या गाडीहून उशिरा लागतो, पावसात उड्डाणपुलाच्या उतारावर ती कशी सरकते, ताडपत्री कशी बांधली म्हणजे सुटत नाही, मालाची पावती आणि विम्याचा कागद मागितल्याबरोबर कसा काढून द्यावा, या साऱ्या गोष्टी त्याला त्या वर्षात अंगवळणी पडल्या. पुढे तो दुसऱ्या एका शाळेत गेला तेव्हा त्याच्या वाट्याला आलेले पंधरा तास त्याने स्टिअरिंग कसे धरावे हे शिकण्यात घालविले नाहीत. लांब गाडी वळविणे आणि आरशात पाहून मागे घेणे यांतच ते सारे कामी आणले. आईची कर्णफुलेही त्या छोट्या हत्तीच्या कमाईतूनच सुटली.

मुलींविषयी कोणी विचारील. कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. नंदुरबारला जन्मलेल्या आणि कायद्याच्या पदवीधर असलेल्या योगिता रघुवंशी पतीच्या निधनानंतर भोपाळहून देशभर ट्रक चालवीत आल्या आहेत. त्यांच्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या अवजड मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. वैशाखातल्या नागपुरी उन्हात पत्र्याच्या डब्यात आठ-दहा तास बसण्याचे दिवस हळूहळू सरतील, अशी आशा करण्यास जागा आहे.

राहिली एक लहानशी गोष्ट. पक्का परवाना घरी आला की त्या कार्डावर दोन तारखा छापलेल्या दिसतील. एक खाजगी वाहनासाठीची, ती तरुण माणसाच्या बाबतीत पुष्कळ दूरची असते. दुसरी व्यावसायिक वाहनासाठीची, ती पाचच वर्षांची असते. २०१९ पूर्वी ती तीन वर्षांची होती. पुष्कळजण पहिली तारीख पाहून निर्धास्त होतात, आणि दुसरी उलटून गेल्यावर ट्रक चालवीत राहतात. त्यांच्या बाबतीत विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न याच तारखेविषयी विचारतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, आणि त्या वेळी डॉक्टरचे प्रमाणपत्र पुन्हा नव्याने लागते. चालक महिन्यातून वीस दिवस घराबाहेर असतो; तेव्हा ती दुसरी तारीख त्याच्या खिशातील कार्डावर आहे एवढ्यावर विसंबू नये. ती घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.